चोळून बघ

राणीसावरगाव, ता. गंगाखेड
१२ ऑक्टोबर २०२५

अप्पा,

शरणार्थ.

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. चार वर्षं ज्यानं तोंड दाखवलं नाही त्यानं एकदम तीर्थरूप लिहिलं की तुमी म्हणणार, पोरगं काहीतरी मागायला लागलंय. मागायचं काही नाही. मी बरा आहे.

रुद्राणी म्हणेल, दादाला पत्र कुठून सुचलं, फोन मेला का? फोन केलता मी. तीनदा. तुमी उचललात, मी 'अप्पा, अप्पा' करायलोय आणि पलीकडून नुसता श्वास. तिसऱ्या वेळी मीच कट केला. बोलायचंच नसेल तर उचलायचा कशाला? पत्राचं बरं असतं. समोरचा गप आहे का ऐकायलाय ते कळत नाही, आपण आपलं लिहीत जायचं.

सध्या मी बिरू हटकराकडं आहे. त्याची मेंढरं सव्वाशे. आमची ओळख बोअरच्या गाडीवर झाली. दीड वर्ष आमी दोघं गावोगाव जमिनीला भोकं पाडत हिंडलो, धूळ इतकी की थुंकलं तरी पांढरं यायचं. मग बिरू म्हणला, ह्याच्यापरीस आपली मेंढरं बरी. मी म्हणलो, चल. तुमाला ठाऊकच आहे, मला कुणी 'चल' म्हणलं की माझे पाय विचार करत नाहीत. त्याची आई केवळाबाई मला भाकरी घालते आणि रोज एक प्रश्न विचारते. परवा म्हणाली, "गळ्यात काय हाय रं तुझ्या, डबी?" म्हणलो, लिंग आहे, आमी हातावर घेऊन पूजा करतो. "मग करताना कधी दिसला न्हाईस?" म्हणलो, पहाटे करतो, तुमी झोपेत असता. म्हातारी माझ्याआधी उठते, अप्पा. तिला कळलं मी खोटं बोललो. ते पुढं कधीतरी.

लोकर कातरायचे दिवस आहेत. डाव्या हातानं झुबका धरायचा, उजव्यानं कातर चालवायची. चार दिवसांमागं बिरू एकदम ओरडला, "शिवकांत, हातात मोबाईल वाजायलाय का रं तुझ्या?" सगळे हसले. मीपण हसलो. माझा डावा हात मेंढीच्या पाठीवर बारीक थरथरत होता. मला वाटलं मेंढीच थरथरायलीय. म्हणून हात उचलून हवेत धरला. हवेत मेंढी नव्हती.

बिरूनं माझ्याकडून कातर काढून घेतली आणि मला पाय धरायला बसवलं.

काही नाही, चहा लय होतो.

तुमचा डावा हात कसा आहे? सहज विचारलं.

शिवकांत

चुडावा, ता. पूर्णा
५ नोव्हेंबर २०२५

अप्पा,

शरणार्थ. तुमचं उत्तर आलं नाही. का आलं आणि मी तिथं नव्हतो? बिरूला सांगून आलोय, काही आलं तर चुडाव्याला पाठव म्हणून. मी इथं स्टेशनबाहेर सितारामकाकांच्या केळीच्या गाड्यावर उभा राहतो. गाडी थांबते तेवढ्यात पळत जायचं, डझन डझन खिडकीतून द्यायचं. कुणी म्हणतं पिकलं नाही, कुणी म्हणतं लय पिकलं. माणसाचं काही खरं नाही.

एक गंमत सांगतो. सात-आठ दिवसांमागं एक बाई आल्या. पाठीला सॅक, हातात डबा. म्हणाल्या, "काळी पडलेली केळी हायेत का? सडायला आलेली?"

काका म्हणले, "बाई, आमी ताजा माल विकतो."

"मला ताजा नको. चिलटं बसलेली असली तर आणखी बरं."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "घे शिवकांता, आता चिलटासकट माल जायलाय. म्या मेल्यावर सरळ कैलासात."

त्या संघप्रिया मॅडम. चुडाव्याच्याच आहेत, रोज रेल्वेनं परभणीला जातात, तिथं एका कॉलेजात पीएचडी करायल्यात. आणि कशावर? चिलटांवर. केळीवर बसतात तीच, लाल डोळ्यांची. त्यांना मोजायला माणूस पाहिजे होता. मला म्हणल्या, शिक्षण किती? म्हणलो, बारावी नापास, दोनदा. म्हणल्या, दहा सेकंद मोजता येतात का? म्हणलो, तेवढं येतं. तर पुढच्या सोमवारपासून मी परभणीला. हसू नका.

हसू नका, असं सवयीनं लिहिलं. तुमाला हसताना बघून लय दिवस झाले. मी घरी होतो तेव्हाच शेवटचं वर्षभर तुमचं तोंड दगडासारखं झालतं. मी काही सांगितलं, विनोद केला, बारावीचा निकाल दाखवला, सगळ्याला एकच तोंड. मला वाटायचं, माझा वीट आलाय ह्यांना.

काल सेलूचा बन्सीधर भेटला, सरकीचा ट्रक घेऊन नांदेडला चाललता. केळी घेतली आणि मग हळूच म्हणला, "मल्लिकार्जुन अप्पाच्या अंगावरून वारं गेल्यावानी झालंय रं. चालताना पाय घासत्यात. दुकानात आता तुझी बहीण बसती. पण बाई हुशार हाय, बाटली उघडून बोटावर चोळून दाखवती, अगदी अप्पावानी. गिऱ्हाईक खूश."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सेलूत दहा कृषी केंद्रं असतील, पण नकली औषध ओळखावं तर मल्लिकार्जुन अप्पांनी, असं लोक म्हणायचे तेव्हा मी छाती काढून उभा राहायचो. उजव्या हातात बाटली, दोन थेंब डाव्या हाताच्या बोटांवर, अंगठ्यानं चोळायचं, नाकाशी धरायचं. तणाचं औषध असलं की निळसर हिरवा डाग आणि तो नाकात बसणारा घाण वास. अस्सल असलं तर बोटं बुळबुळीत होतात, नकली असलं तर पाण्यासारखं पळतं. मी सोळा वर्षांचा होतो. तुमी म्हणला होता, "डोळ्यावर विश्वास ठिवू नको, लेबल कुणीबी छापतं. चोळून बघ."

चार वर्षं मी चोळून बघितलं. माझं कधी चुकलं नाही, हे तुमीपण कबूल कराल.

पण तुमाला वारं गेलंय म्हणजे काय, ते रुद्राणीला नीट लिहायला सांगा. पत्ता खाली देतो, परभणीचा.

शिवकांत

परभणी
२० नोव्हेंबर २०२५

अप्पा,

शरणार्थ. हे पत्र तुमी बसून ऐका. रुद्राणी वाचत असेल तर तिला म्हणावं सगळं वाच, मधलं गाळू नको.

आधी काम सांगतो. बोटभर जाडीच्या काचेच्या नळ्या असतात. तळाला मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून ओतलेलं असतं, आपल्या पिठल्यासारखं दिसतं, वास मात्र ताडीचा. एका नळीत वीस चिलटं, वर कापसाचा बोळा. नळी टेबलावर हलकी आपटायची, सगळी चिलटं खाली पडतात. मग दहा सेकंद मोजायचे आणि बघायचं की रेघेच्या वर किती चढली. चिलटाची जात अशी आहे की खाली पडलं की ते वर चढतंच. शिकवावं लागत नाही. विसातली अठरा-एकोणीस चढतात. मला लय आवडायचं. मी त्यांना नावं पण द्यायलो होतो, मॅडमनी बंद करायला लावलं.

सोमवारी मॅडमनी दुसऱ्या नळ्या दिल्या. ह्यांच्या खाण्यात पाच दिवस काहीतरी मिसळलेलं होतं. मी आपटली, मोजलं. रेघेच्या वर चार. बाकीची खाली काचेवर पाय टाकायची, जरा वर यायची, घसरायची, परत टाकायची. एक तर एकाच जागी पाय थरथरवत होतं. मी दहा सेकंद झाल्यावर पण मोजत राहिलो. पंचवीस, तीस. ते चढलं नाही.

म्हणलो, मॅडम, काय घातलंय ह्यात?

त्यांनी कपाटातली बाटली दाखवली, लांबूनच. हातात दोन-दोन मोजे, तोंडाला फडकं. बूच जरा सैल केलं आणि मला वास आला.

अप्पा, तो वास. निळसर हिरवं पाणी. मी न बघता सांगितलं, "पॅराक्वाट. तणाचं औषध."

"औषध म्हणू नका," मॅडम एकदम तोडून बोलल्या. मग म्हणल्या, "तुमाला कसं कळलं?"

म्हणलो, "आमी चोळून बघतो."

"काय करता?"

मी दोन बोटं आणि अंगठा हवेत चोळून दाखवला. डाव्या हाताचा. मॅडम माझ्या हाताकडं बघत राहिल्या. बोटं थांबली तरी हात थांबला नव्हता.

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. मला कळलं तसं लिहितो, चूक असेल तर माझी.

आपल्या अंगात कोट्यवधी पेशी. प्रत्येक पेशीत बारकुल्या चुली. आपण खातो ते तिथं जळतं, आणि जाळतो कोण, तर आपण श्वासातून घेतो तो प्राणवायू. त्यातून ताकद निघते. पण चूल म्हणलं की ठिणगी आलीच. थोडा प्राणवायू पिसाळून बाहेर सुटतो आणि दिसेल त्याला चावत सुटतो, भिंतीला, दाराला, पेशीच्या आतल्या कागदपत्रांना. रोज सुटतो, तुमच्यात, माझ्यात, चिलटात. पेशी त्याला विझवत बसते. वय झालं की विझवणं कमी पडतं. पण हे बाटलीतलं पाणी काय करतं? मॅडमनी विचारलं, घरी काय करतात. म्हणलो, सेलूला दुकान आहे. म्हणल्या, मग मोंढ्यातला दलाल ठाऊक असेल. दलाल स्वतःकडं माल ठेवत नाही. ह्याच्याकडून घेतला, त्याच्या गळ्यात मारला, परत मोकळा, परत हजर. हे पाणी तसं. चुलीतून निखारा उचलतं, प्राणवायूच्या हातात देतं, त्याला पिसाळून सोडतं आणि स्वतः रिकामं होऊन पुढच्या निखाऱ्याला जातं. स्वतः संपत नाही. तण असंच मरतं. उन्हात दोन दिवसांत वाळून कोळसा.

मी म्हणलो, आमच्याकडं म्हणतात अंगावरून वारं गेलं. त्या म्हणल्या, अगदीच चूक नाही म्हणत. वारंच आहे ते, पण आतलं.

मेंदूत खालच्या अंगाला काळ्या पेशींचा एक बारका पट्टा असतो. हात, पाय, तोंड बिनबोभाट हलवणं त्याच्या जिवावर. तिथल्या चुली लय पेटत्या, आणि विझवायला पाणी कमी. म्हणून ठिणगी तिथं आधी लागते. जळालेली पेशी परत येत नाही. आणि अप्पा, माणसाचा हात हलायला लागतो तोवर तिथल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात.

मी विचारलं, चोळून बघितल्यानंच होतं का? त्या म्हणल्या, तसं एका माणसाकडं बोट दाखवून कुणी डॉक्टर सांगू शकत नाही. कुणाला हात न लावता होतं, कुणाला जन्मभर फवारून होत नाही. पण ज्यांनी जास्त हाताळलं त्यांच्यात जास्त दिसलंय, असं बऱ्याच ठिकाणी लिहून ठेवलंय. मी म्हणलो, आणि माझं? त्या म्हणल्या, चोविसाव्या वर्षी हात हलायला शंभर कारणं असतात. चहा, झोप, भीती. डॉक्टरला दाखवा.

मी दाखवणार नाही. दाखवलं की ते खरं होईल.

पण रुद्राणीला थांबवा. आज. आत्ता. हे पत्र वाचून होताच.

शिवकांत

परभणी
२४ नोव्हेंबर २०२५

अप्पा,

चार दिवस झाले. परभणीहून सेलूला पत्र जायला किती लागतात? मी चालत आलो असतो तर पोचलो असतो. आलो नाही, ते का, ते विचारू नका.

रुद्राणी, तू वाचत असशील तर ऐक. हात साबणानं धू. आधी धू, मग पुढं वाच.

कालचं सांगतो. मी मॅडमना म्हणलो, समजा एक माणूस आहे, सेलूचा. कुणीतरी. त्याचा हात हलतो. त्या म्हणल्या, बसलेला असताना हलतो का? म्हणलो, हो. चेहऱ्यावर हसू-राग उमटतं का, का एकसारखा राहतो? आवाज बारीक झालाय का, फोनवर ऐकू येत नाही इतका? अक्षर? ओळ सुरू होते तेव्हा बरं, पुढं बारीक बारीक होत जातं का?

अप्पा, तुमच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मला आठवल्या. आधी एक चिठ्ठी बाटलीभर असायची, गोल टपोरी अक्षरं. शेवटच्या वर्षी मुंगीएवढी. मी रुद्राणीला म्हणलो होतो, म्हाताऱ्याची शाईपण जपून चाललीय. आमी दोघं हसलो होतो.

म्हणजे फोनवर तुमी बोलत होता. मी कट केला तेव्हा तुमी बोलत होता का?

आणि ते तोंड. मी चार वर्षं त्या तोंडावर रागावून हिंडलो. राणीसावरगाव, बोअरची गाडी, हळद शिजवायची कढई, कुठं कुठं. त्या तोंडामागं काय होतं ते मला कोण सांगणार?

आज एक काम निघालं. मॅडमनी पॅराक्वाटच्या निम्म्या नळ्या साध्या खाण्यावर टाकल्या, बघायला की सोडल्यावर काय होतं. आज मोजलं. काही नळ्यांत चारची आठ झाली. एकीत चारची तीन. म्हणलो, ह्याचा अर्थ काय? म्हणल्या, लवकर सोडलेल्यांना फायदा दिसायलाय. उशिरा सोडलेल्यांचं सांगता येत नाही. वर म्हणल्या, चिलटावरून माणसाचं गणित करू नका. मी केलं. मी चार वर्षं चोळलं, सोडून चार वर्षं झाली. रुद्राणी किती दिवस झाले चोळायलीय? तुमी तीस वर्षं.

माझी अक्षरं बारीक व्हायलीत का, जरा बघा. मला माझी कळत नाहीत.

शिवकांत

परभणी
६ डिसेंबर २०२५

अप्पा,

तुमचं पाकीट मिळालं. वरचा पत्ता रुद्राणीचा. आत एकच कागद.

वर 'चि. शिवकांत' एवढं वाचता येतं. त्याच्या खाली सहा ओळी. पहिली मुंग्यांची रांग, दुसरी राईची, तिसरीच्या पुढं तर नुसता दोरा टाकल्यासारखा. मी खिडकीत धरला, उन्हात धरला, मोबाईलनं फोटो काढून मोठा केला, तर दोरा जाड झाला एवढंच. मध्ये मध्ये 'न्हाई' असल्यासारखं दिसतं. चार ठिकाणी.

काय न्हाई? येऊ न्हाई? बोलत न्हाई? तू माझा न्हाईस?

मॅडम मुंबईला गेल्यात, आज सहा डिसेंबर. त्यांच्याकडं चिलटं बघायची दुर्बीण आहे, ती खोली बंद. सोमवारपर्यंत हा कागद मी शर्टाच्या खिशात घेऊन हिंडणार, लिंगाला लागून. रुद्राणीला फोन करून विचारता आलं असतं. बटणापर्यंत बोट नेलं. दाबलं नाही. तुमी काय लिहिलंय ते मला तिच्या तोंडून ऐकायचं नाही.

लय भ्या वाटायलंय. इतकं बोअरच्या गाडीवर दोर तुटला तेव्हा पण वाटलं नव्हतं.

शिवकांत

परभणी
९ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अप्पा,

शरणार्थ.

ह्या वेळी खोडत नाही. आणि हे पत्र मी पट्टीनं दोन-दोन रेघा आखून लिहायलोय, प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला टेकवून. का, ते तुमाला ठाऊक आहे.

काल मॅडमनी तुमचा कागद दुर्बिणीखाली ठेवला. जिथं रोज चिलटाचा पाय दिसतो तिथं तुमचा 'अ' दिसला. तोच, डोक्यावरची रेघ जरा उजवीकडं कलती. मी बघायचो, मोठ्यानं वाचायचो, मॅडम लिहून घ्यायच्या. तासभर लागला. मी वाचलं ते बरोबर आहे का बघा:

"चि. शिवकांत. तुझी पत्रं रुद्राणी वाचती. राग न्हाई. तोंड हलत न्हाई. आवाज भाईर येत न्हाई. तू गेलास त्या सकाळी म्या हाक मारली. दोनदा. तुला ऐकू गेली न्हाई. रुद्राणी दीड साल झालं चोळायलीय. म्याच शिकवलं. आता बंद, बाटल्याला हात लावू देत न्हाई. सोमेश्वर डाक्टर म्हणला व्हता परभणीला जा. गेलो न्हाई. माझं झालं. पण तुझं अक्षर पट्टी लावून मोजलं. पयल्या पत्रापरीस चौथ्यात बारीक हाय. म्हणून येतो. सोमवारी, पंधराला. तिलाबी आणतो. उत्तर मोठ्या अक्षरात लिही."

मॅडमनी लिहिणं थांबवलं आणि माझी आधीची पत्रं कशी होती ते विचारलं नाही. चष्मा पुसत बसल्या. मी म्हणलो, चौथ्या पत्राला कागद संपत आलता, म्हणून बारीक लिहिलं असेल. त्या म्हणल्या, असेल. कागद संपला नव्हता, अप्पा. मागची बाजू कोरी होती.

आता ते सांगतो. पुढं कधीतरी सांगतो म्हणलो होतो.

मी दुकानाला कंटाळून गेलो असं तुमी लोकांना सांगत असाल. मीपण सगळीकडं तेच सांगितलं. त्या आठवड्यात मी सकाळी पाणी घेऊन देवघरात आलो. तुमी डावा हात पुढं करून बसला होता, तळहातावर लिंग, वर बेलाचं पान. पान हलत होतं. खिडकी बंद होती. मग लिंग हललं, कलंडलं, आणि तुमच्या हातातून ताटलीत पडलं. लिंग पडू देणं म्हणजे जीव जाणं, हे तुमीच शिकवलेलं. त्याचा आवाज मला आज पण येतो, स्टीलच्या ताटलीवर गोटी पडावी तसा. तुमी माझ्याकडं बघितलंत. त्या तोंडावर काहीच नव्हतं. मला वाटलं, तुमी मनात म्हणायलात, तू बघितलंस म्हणून तू मेलास मला. मी उचलून द्यायला पाहिजे होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि बाहेर आलो. तीन दिवसांनी गेलो.

तेव्हापासून माझं लिंग गळ्यात आहे. एक दिवस काढलं नाही. पण हातावर घेतलं नाही. घेतलं आणि हललं तर? डोळे मिटून पूजा करता येत नाही, बघावंच लागतं. म्हणून केळवाबाईला, बघा, नाव चुकलं, केवळाबाईला खोटं सांगितलं. भक्ती गेली नाही. मला हात बघायचा नव्हता.

आता सोमवारचं. पंधरा तारीख. सेलूहून सकाळची पॅसेंजर धरा. रुद्राणीला खिडकीजवळ बसवू नका, तिला मळमळतं. दवाखान्यात मी नंबर लावून ठेवलाय, तीन नावं लिहिलीत एकाखाली एक. तिथल्या बाईनं विचारलं, पेशंट कोण? म्हणलो, ते आतच कळेल. त्या हसल्या. मॅडम म्हणल्यात, ह्या आजारावर गोळ्या आहेत, जळालेलं परत येत नाही पण हात थोडा थांबतो, तोंड थोडं सुटतं. ते तुमचं. माझं आणि रुद्राणीचं आजार आहे का नुसती भीती आहे, ते त्या दिवशी कळेल, नाहीतर कळायला आणखी दिवस लागतील. मॅडमनी असं सांगितलं, खोटा धीर दिला नाही. मला तेच बरं वाटलं आणि तेच लय वाईट वाटलं.

दवाखाना दहाला उघडतो. गाडी त्याच्या आधी येते. स्टेशनबाहेर नळ आहे, तिथं तिघं हात धुऊ. मग जवळ बसायला जागा बघून ठेवलीय, कडुनिंबाखाली, बाहेरूनच चालत दोन मिनिटं. तुमी पाय घासत या, घाई नाही. विभूती मी आणतो, बेल रुद्राणी आणेल. तुमी तुमचं हातावर घ्या. तुमच्या हाताखाली माझा उजवा हात राहील. मग मी माझं घेईन, आणि माझ्या हाताखाली रुद्राणीचा. पडलं तर ह्या वेळी मी उचलीन. तुमचंपण, माझंपण.

एवढं लिहिलं आणि वरच्या रेघांकडं बघितलं. शेवटच्या चार ओळींत अक्षरं रेघेला टेकलेली नाहीत. मी घाईत होतो म्हणून असेल.

गाडी लागली की तुमी उतरायच्या आधी मला हाक मारा. जेवढा आवाज निघेल तेवढा. फलाटावर लय गलका असतो, पण मी डब्याच्या दाराला कान लावून उभा असेन. ऐकू आली नाही तर परत मारा. मी ह्या वेळी कुठं जात नाही.

तुमचा
शिवकांत